तीनशे छप्पन रुपयांची पॉलिसी

सोलापुरात सात रस्त्याजवळ चहाच्या गाड्याला लागून उभ्या केलेल्या मोटरसायकलच्या सीटवर विम्याचे दोन कागद शेजारी-शेजारी पसरलेले होते. वाऱ्यानं उडू नयेत म्हणून दोन्हींवर मिळून एक किल्ली ठेवलेली. गाड्या दोन, मॉडेल एकच, १२५ सीसी. दोन्ही २०२३ च्या दसऱ्याला एकाच शोरूममधून हार घालून बाहेर पडलेल्या, रंग तेवढा वेगळा. मालक एकाच ठिकाणी कामाला जाणारे. एकाच्या कागदावर शेवटचा आकडा होता ३५६ रुपये आणि दुसऱ्याच्या कागदावर अठराशेच्या आसपास. ३५६ वाला चहाचे पैसे देता देता म्हणाला, "तुला बनवलं बे विमावाल्यानं, दिवसाढवळ्या." दुसरा काही बोलला नाही. कागदाची घडी घालून त्यानं खिशात कोंबली आणि कपात राहिलेला चहा तसाच ओतून दिला. त्याला बनवलं होतं हे खरंच. खटकलं ते वेगळंच होतं. हसणाऱ्याचा कागद नीट वाचला, तर त्यालाही हसण्यासारखं फारसं काही मिळालेलं नव्हतं.

दुचाकीच्या पॉलिसीचा कागद बहुतेक कंपन्यांचा सारखाच असतो. एका खणात ओन डॅमेज, म्हणजे आपल्या गाडीचं नुकसान. शेजारच्या खणात लायबिलिटी, म्हणजे आपल्या गाडीनं दुसऱ्याचं केलेलं नुकसान. हा दुसरा खण, ज्याला सगळे थर्ड पार्टी म्हणतात, त्याचा दर सरकार ठरवतं. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांप्रमाणे ७५ सीसीपर्यंत ५३८ रुपये, ७५ ते १५० सीसी ७१४, १५० ते ३५० सीसी १,३६६ आणि ३५० च्या वर २,८०४, वर १८ टक्के जीएसटी. म्हणजे स्प्लेंडर असो, अ‍ॅक्टिवा असो की १४९.५ सीसीची पल्सर १५०, थर्ड पार्टीचा वर्षाचा आकडा ८४२ रुपये ५२ पैसे. कंपनी कोणतीही घ्या, एजंट चुलत भाऊ असला तरी तोच. १५९.७ सीसीची अपाची १६० घेतली, की दहा सीसीच्या फरकानं हा आकडा जवळजवळ दुप्पट होतो. आणि ३४९ सीसीची क्लासिक ३५० मात्र त्या अपाचीच्याच रांगेत बसते. या खणात घासाघीस होत नाही. "थर्ड पार्टीत सूट देतो" असं कुणी म्हणालं, तर तो एक तर दुसरीकडचं काहीतरी कापतोय, नाहीतर कागदच खोटा आहे.

अठराशेवाल्याच्या कागदावर हेच ७१४ रुपये होते, आणि तिथेच पहिली गोम होती. १ सप्टेंबर २०१८ नंतर घेतलेल्या प्रत्येक नव्या दुचाकीची थर्ड पार्टी पाच वर्षांची एकदम भरलेली असते. शोरूमच्या ऑन रोड किमतीत ती आधीच वसूल झालेली असते. २०२३ च्या ऑक्टोबरात घेतलेल्या गाडीची थर्ड पार्टी २०२८ च्या ऑक्टोबरपर्यंत चालू आहे. दुसऱ्या वर्षापासून पाचव्या वर्षापर्यंत नूतनीकरण करायचं ते फक्त ओन डॅमेजचं, आणि त्याला स्वतंत्र पॉलिसी मिळते, स्टँडअलोन ओडी म्हणून. याच्याकडून मात्र पूर्ण पॅकेज पॉलिसीचे, म्हणजे दोन्ही खणांचे, पैसे घेतले होते. एकाच जोखमीचे दोनदा. शोरूममधून मिळालेला पहिल्या वर्षाचा कागद घरी कपाटात आरसीच्या झेरॉक्सखाली पडलेला असतो. त्यावर 'ओडी' आणि 'टीपी' यांच्या दोन वेगवेगळ्या शेवटच्या तारखा स्पष्ट छापलेल्या असतात. त्या दोन ओळींचा फोटो मोबाइलमध्ये असला, की हा प्रकार जागच्या जागी थांबतो.

दुसरी गोम नो क्लेम बोनसची. दोन वर्षं क्लेम नाही, म्हणजे ओन डॅमेजच्या रकमेवर २५ टक्के सूट हक्काची. पहिल्या वर्षाला २०, मग २५, ३५, ४५ आणि शेवटी ५०, अशी ती चढते. याच्या कागदावर त्या ओळीत शून्य होतं. असं होतं ते बहुधा घाईनं. जुन्या पॉलिसीचा नंबर हाताशी नसतो, टेबलावरचा पोरगा संगणकात 'मागील पॉलिसी उपलब्ध नाही' असं टाकून पुढे जातो, आणि बोनस तिथेच गळतो. कंपनी बदलली तर बोनस जातो, असाही एक समज शहरभर आहे. तो चुकीचा आहे. बोनस मालकाचा असतो. कंपनी बदला, गाडी बदला, तो आपल्याबरोबर येतो. गाडी विकून नवी घेतली, तर जुन्या कंपनीकडून एनसीबीचा, म्हणजे नो क्लेम बोनसचा, दाखला घ्यायचा, तो तीन वर्षं चालतो. बोनस बुडतो तो क्लेम घेतल्यावर, किंवा पॉलिसी संपून ९० दिवस उलटल्यावर.

आता ३५६ वाला.

त्याची ओन डॅमेजच होती, बोनसही बरोबर २५ टक्के लागलेला. फक्त आयडीव्ही, म्हणजे गाडीची विम्याची किंमत, ४८,००० धरलेली. या गाडीची शोरूम किंमत ८६,००० च्या आसपास होती. वयाप्रमाणे गाडीची किंमत उतरवायच्या विम्याच्या कोष्टकाप्रमाणे दुसऱ्या वर्षात २० टक्के, तिसऱ्यात ३०, चौथ्यात ४० आणि पाचव्यात ५० टक्के घट धरतात. म्हणजे तिसऱ्या वर्षासाठी साधारण ६०,००० यायला हवे होते. पाच वर्षांनंतर ही किंमत कंपनी आणि ग्राहक आपसात ठरवतात. १२ हजार कमी धरल्यानं वाचलं किती, ते पाहू. सोलापूर जुन्या टॅरिफच्या, म्हणजे पूर्वी सगळ्या कंपन्यांना बांधील असलेल्या दरपत्रकाच्या, ब विभागात येतं. पाच वर्षांच्या आतल्या १५० सीसीपर्यंतच्या गाडीला तिथला दर १.६७६ टक्के. आज कंपन्यांना हा दर बांधील नाही, पण अजूनही अनेक जण त्याच्यावरच सूट दाखवतात. ६०,००० वर होतात १,००६, कंपनीनं निम्मी सूट दिली असं धरलं तर ५०३, बोनस जाऊन ३७७, जीएसटीसह ४४५. हाच हिशेब ४८,००० वर केला की ३५६ येतात. फरक ८९ रुपये. गाडी चोरीला गेली, किंवा दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेल्यानं ती टोटल लॉस ठरली, तर हातात येणारे पैसे मात्र १२ हजारांनी कमी. गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानाच्या आसपास गाडी लावून आत गेलेल्या माणसाला बाहेर आल्यावर ती जागेवर दिसली नाही, तर हे ८९ रुपये त्याला आठवतील की नाही, सांगता येत नाही. कारण ते कमी केलेत हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. मोबाइलवर दर पाहताना हा आकडा आपोआप खालच्या टोकाला नेऊन ठेवलेला असतो. तो वर सरकवता येतो. बाजारभावापेक्षा फार वर नेण्यातही अर्थ नाही, पण कोष्टकाच्या आसपास तो असावा.

आणि त्यानं वैयक्तिक अपघात कव्हर, म्हणजे पीए, घेतलेलं नव्हतं. मालक-चालकासाठी १५ लाखांचं हे कव्हर सक्तीचं आहे, वर्षाला साधारण तीन-चारशे रुपयांत मिळतं. दुसऱ्या गाडीवर ते आधीच असेल, किंवा १५ लाखांची स्वतंत्र अपघात पॉलिसी असेल, तर परत घ्यावं लागत नाही. माणसाला एकच पुरतं, गाडीगणिक नको. फॉर्मवर त्यासाठी एक चौकोन असतो, 'माझ्याकडे आधीच आहे'. तो दाबला की रक्कम पटकन उतरते. घरात कमावणारा एकटा आणि रोज अक्कलकोट रोडवर ट्रकांच्या मधून जाणारा, अशा माणसानं तो चौकोन खोटा दाबणं हे या सगळ्या व्यवहारातलं सर्वांत महागडं बोट. परवाना मुदतीत नसेल तर हे कव्हर असूनही नसल्यासारखं, हेही जाता जाता.

म्हणजे त्या गाड्यांचा योग्य भाव ना ३५६ होता, ना अठराशे. कव्हर धरून साडेसातशे-आठशेच्या घरात.

आपल्याकडे गाड्या मुहूर्तावर घेतल्या जातात, आणि विम्याच्या गोंधळाचं एक मूळ तिथेच आहे. माणसाला आठवतं ते 'पाडव्याला घेतली' एवढंच. पॉलिसी मात्र इंग्रजी तारखेच्या मध्यरात्री संपते. २०२३ चा गुढीपाडवा २२ मार्चला होता, २०२४ चा ९ एप्रिलला, कारण मध्ये अधिक श्रावण येऊन गेला. २२ मार्चला घेतलेल्या गाडीची ओन डॅमेज २१ मार्चच्या मध्यरात्री संपली, आणि 'पाडव्याला भरू' म्हणणारा अठरा दिवस उघड्यावर फिरला. त्या गाडीची निदान थर्ड पार्टी चालू होती. पाच वर्षं संपलेल्या गाडीचं तसं नसतं. तिथे चौकात पावती फाटते ती मोटर वाहन कायद्याच्या कलम १९६ खाली, पहिल्या वेळी २,००० आणि पुन्हा सापडल्यास ४,०००, शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद. खंड पडल्यावर ओन डॅमेज परत घ्यायला गेलं, की गाडीची तपासणी मागतात. चारही बाजूंचे फोटो, ओडोमीटरचा फोटो, आणि चेसिस नंबरचा. हँडलच्या मानेजवळ धुळीनं आणि ग्रीसनं बुजलेला तो नंबर रॉकेलच्या बोळ्यानं पुसून, त्यावर कागद दाबून, पेन्सिलीचं शिसं आडवं घासत छापा काढणारी माणसं आरटीओबाहेर अजूनही दिसतात. मोबाइलच्या जमान्यात ते काम उरलंय ते नावावर करण्याच्या कागदांपुरतं, पण सतरा अक्षरं एकेक करून उमटताना पाहायला बरं वाटतं. त्यातलं एक अक्षर पॉलिसीवर चुकलं, तर क्लेमच्या वेळी तेच आडवं येतं. म्हणून कागद हातात आल्यावर आधी रक्कम न बघता हा नंबर आरसीशी ताडून घ्यावा.

एजंटांबद्दल मत बनवणं अवघड जातं. पूर्व भागात एकेका गल्लीचा विमा एकेका माणसाकडे असतो; त्याच्या वहीत तारखा असतात, तो तेलुगूत आजोबांशी आणि मराठीत नातवाशी बोलतो, आणि अपघातानंतर गाडी गॅरेजात ओढून नेण्याआधी सर्व्हेअरला, म्हणजे नुकसान मोजणाऱ्याला, कळवा, हे रात्री अकराला फोनवर सांगणारा तोच असतो. त्याचं कमिशन त्यानं कमावलेलं असतं. पण दर विचारल्यावर "तुम्ही काळजी करू नका" हे उत्तर पुरेसं नाही. मुदत संपायच्या तीन-चार आठवडे आधी तीन ठिकाणचे आकडे घ्यावेत: सध्याच्या कंपनीचा, दुसऱ्या एका कंपनीच्या स्वतःच्या साइटवरचा, आणि आपल्या माणसाचा. तिघांना सांगायचं एकच वाक्य: आयडीव्ही इतकी, बोनस इतका, झिरो डेप (सुट्या भागांची घट न कापणारं जादा कव्हर) हवं किंवा नको, पीए हवं किंवा नको. चार गोष्टी बांधल्या की उरतो तो कंपनीनं ओन डॅमेजवर दिलेल्या सवलतीचा फरक, आणि खरी घासाघीस तेवढ्यापुरतीच असते. सध्याच्या कंपनीला दुसरीचा आकडा दाखवला, तर पुष्कळदा ती खाली येते. नूतनीकरणाच्या नोटिशीतला पहिला आकडा हा गप्प बसणाऱ्यांचा आकडा असतो.

ऐच्छिक वजावट म्हणून एक सूट दाखवतात. 'क्लेममधले पहिले ३,००० मी सोसतो' असं कबूल केलं, तर जुन्या टॅरिफप्रमाणे २५ टक्के सूट, पण जास्तीत जास्त २५० रुपये. दुचाकीचे बहुतेक क्लेम असतातच चार-सहा हजारांचे. त्यातले तीन हजार आधीच सोडून द्यायचे, तर ओन डॅमेज घेतलीच कशाला?

बोनस वाचवण्याच्या बाबतीत मात्र लोक उलट टोकाला जातात. होटगी रोडला खडीवरून गाडी सरकते, हेडलाइटचा मास्क, मडगार्ड, इंडिकेटर, लेगगार्ड, हँडल जातं, आणि माणूस बोनस जाऊ नये म्हणून पाच हजार खिशातून भरतो. हिशेब केला तर बोनस ५० टक्क्यांवर असताना एक क्लेम घेतला, तर तो पुन्हा शून्यापासून चढतो, आणि माणूस पुढच्या पाच नूतनीकरणांत ५०, ३०, २५, १५ आणि ५ टक्के गमावतो; बेरीज १२५ टक्के. ओन डॅमेज बोनसआधी ५०० रुपये असेल तर सगळे मिळून ६२५, जीएसटी धरून साडेसातशेच्या आत. एका आरशासाठी क्लेम नकोच, पण पाच हजारांचं काम असेल तर घ्यावा. चारचाकीवाल्यांचं शहाणपण दुचाकीवाल्यांनी तसंच्या तसं उचललंय. मिळतं किती, तेही आधी माहीत असावं: प्लास्टिक, रबर, टायर, बॅटरीवर कंपनी ५० टक्के कापते, तिसऱ्या वर्षात धातूच्या भागांवर १५. प्लास्टिक ३,०००, धातू २,०००, मजुरी ८०० असं ५,८०० चं बिल असेल, तर १,५००, १,७०० आणि ८०० मिळून ४,००० होतात. त्यातून सक्तीची वजावट १०० रुपये. हातात ३,९००. झिरो डेप असतं तर ५,७००. आजच्या गाड्या निम्म्या प्लास्टिकच्या आहेत, त्यामुळे पहिल्या तीन-चार वर्षांत हे अ‍ॅड-ऑन घेण्यात अर्थ आहे. बाकीची यादी, कन्झ्युमेबल्सपासून रोडसाइड असिस्टन्सपर्यंत, शहरात चालणाऱ्या १२५ सीसीला शोभेची. अपवाद सीना नदीकाठच्या गावांचा. २०२५ च्या सप्टेंबरात पुराचं पाणी गाड्यांवरून गेलं. पुरानं झालेलं नुकसान साध्या ओन डॅमेजमध्ये येतं. पण पाणी उतरल्यावर किक मारून इंजिनात पाणी ओढलं आणि कनेक्टिंग रॉड वाकला, तर ते मालकाच्या कृतीनं झालेलं धरतात, त्यासाठी इंजिन प्रोटेक्ट हे अ‍ॅड-ऑन वेगळं लागतं. बुडालेली गाडी चालू करून न पाहता टेम्पोत घालावी.

कर्ज फिटलेल्या गाड्यांच्या पॉलिसीवर फायनान्स कंपनीचं नाव वर्षानुवर्षं तसंच राहतं. टोटल लॉस झाला की चेक आधी त्या नावाकडे वळतो आणि मग एनओसीची शोधाशोध सुरू होते. जुनी गाडी घेतली असेल तर आणखी एक पाहावं: पॉलिसी चौदा दिवसांत आपल्या नावावर करून घ्यायची, आणि आधीच्या मालकाचा बोनस स्वतःचा म्हणून लावायचा नाही. तो त्याच्याबरोबर गेला.

सगळ्यात कठीण प्रश्न दहा-बारा वर्षांच्या गाड्यांचा, आणि सोलापुरात त्याच जास्त. यंत्रमागावर जाणाऱ्याची स्प्लेंडर, टॉवेलचे गठ्ठे पुढे-मागे बांधून निघालेली एक्सएल मोपेड. २० हजारांच्या आयडीव्हीला ओन डॅमेज कशाला, नुसती थर्ड पार्टी आणि पीए घ्या, असं सांगणं सोपं आहे. आणि गाडीपुरतं ते बरोबरही आहे. पण खाजगी दुचाकीच्या पॉलिसीत 'वापराच्या मर्यादा' म्हणून बारीक अक्षरांत एक परिच्छेद असतो. त्यात भाड्यानं चालवणं बसत नाही, आणि नमुने किंवा स्वतःचं सामान सोडून मालवाहतूकही बसत नाही. गठ्ठे पोचवणारी एक्सएल त्या ओळीवर अडकू शकते. दुसरं त्याहून मोठं. नुसत्या थर्ड पार्टी पॉलिसीत मागे बसलेलं माणूस येत नाही. सुप्रीम कोर्टानं २००६ मध्ये तिलक सिंग प्रकरणात तसा निकाल दिलेला आहे. पॅकेज पॉलिसीत मात्र ते येतं, आणि विमा नियामकानं २००९ मध्ये कंपन्यांना ते लेखी बजावलं. म्हणजे रोज बायकोला विडी कारखान्यापर्यंत सोडणाऱ्याच्या जुनाट स्प्लेंडरला ओन डॅमेज घ्यायची ती गाडीसाठी नाहीच. २० हजारांवर दहा वर्षांपुढच्या गाडीचा १.८०२ टक्के दर धरला तरी ३६० रुपये होतात, सूट आणि बोनस जाऊन त्याहून बरेच कमी. जुनी गाडी म्हणून काही कंपन्या पॅकेज द्यायला नाखूश असतात, थर्ड पार्टीवर बोळवण करतात. तेव्हा दुसऱ्या कंपनीत विचारावं. कागद मिळाल्यावर क्यूआर कोड स्कॅन करून तो खरा आहे का पाहावं, दोन-चार दिवसांनी एमपरिवहन अ‍ॅपवर तारीख चढली का पाहावं. दाद मागायची वेळ आलीच तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार, मग विमा नियामकाचं बीमा भरोसा पोर्टल किंवा १५५२५५ हा नंबर, आणि तिथेही नाही जमलं तर पुण्याचं विमा लोकपाल कार्यालय. सोलापूर त्यांच्याच हद्दीत येतं आणि वकील लागत नाही. पण मागच्या सीटसाठी पैसे भरत असाल, तर कागदाच्या माथ्यावर 'लायबिलिटी ओन्ली' छापलंय की 'पॅकेज', ते टेबलासमोरून उठायच्या आत वाचा.